आठास एक की नवास एक

पेट्रोलच्या इंजिनात मिश्रण पेटविण्यापूर्वी त्यास किती दाबावे, या प्रश्नाशी त्या इंजिनाची शक्ती, त्याची भूक आणि त्याचे आयुष्य ही तिन्ही इतकी निगडित आहेत की, मोटारविद्येच्या इतिहासातील अर्धी भांडणे या एका प्रश्नाभोवती फिरलेली दिसतात. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरात जेवढी जागा असते तिला, पिस्टन माथ्याशी आल्यावर उरलेल्या जागेने भागले म्हणजे जे गुणोत्तर येते तेच कॉम्प्रेशन रेशो. ते वाढविले की त्याच इंधनातून अधिक काम मिळते हे शास्त्रज्ञांना पूर्वीच ठाऊक होते. पण ते कोठवर वाढवावे याची मर्यादा मुख्यतः इंधनाने घातलेली असते, हे हॅरी रिकार्डो यांनी १९१९ मध्ये बांधलेल्या आणि चालू स्थितीत कॉम्प्रेशन कमीजास्त करता येणाऱ्या ई-३५ नामक प्रायोगिक इंजिनावर निर्विवादपणे सिद्ध झाले. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की, ठिणगीपासून दूर राहिलेला मिश्रणाचा शेवटचा अंश ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम भडकतो, आणि त्याचा आघात पिस्टनच्या माथ्यावर होतो. गॅरेजमध्ये ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच. पुढे डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना शिशाच्या एका संयुगात या व्याधीवरचा उपाय सापडला. तो मोटारींना मानवला. माणसांना मात्र तो विषासारखा बाधला, आणि भारतातील पेट्रोलमधून शिशाचे संपूर्ण उच्चाटन व्हावयास २००० साल उजाडावे लागले.

ही प्रस्तावना अशासाठी की, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने बनू लागलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी परिचित झालेली जी मोटार, तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन बेताचे ठेवलेले असे, आणि त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या, म्हणजे लवकर नॉकिंग करणाऱ्या, पेट्रोलचा विचार करता ते सर्वथा योग्यच होते. आता इंधन बदलले आहे. तेव्हा अशा गाडीचे इंजिन पुनर्बांधणीसाठी खोलले असता, त्याच खर्चात किंवा थोड्या अधिक खर्चात, त्याचे कॉम्प्रेशन वाढवून घ्यावे की नाही, हा प्रश्न जुन्या गाड्या प्रेमाने सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. माझ्या परिचयातील दोन व्यक्तींमध्ये या विषयावर झालेला वाद मी समक्ष ऐकला. तो येथे थोडा नीटनेटका करून देत आहे. एक, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करण्यात उभी हयात घालविलेले मामा. दुसरी, त्यांची पुण्यात यंत्र-अभियंता असलेली भाची, जिच्या वडिलांची पद्मिनी तिच्याकडे वारशाने आली आहे.

भाची : मामा, इंजिन खोललेलेच आहे. ब्लॉक बोअरिंगला जाणार, हेड फेसिंगला जाणार, व्हॉल्व्हच्या सीट नव्याने कापल्या जाणार. मग एवढा सगळा खर्च करून शेवटी कॉम्प्रेशन पूर्वीसारखेच ७.३ ठेवावयाचे, हे मला पटत नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. त्याने ऑक्टेन वाढते, हे खरे. परंतु इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा असल्यामुळे एका लिटरात सुमारे सात टक्के ऊर्जा कमी मिळते. म्हणजे या इंधनाचा तोटा आपण निमूटपणे सोसतो आणि त्याने देऊ केलेला फायदा, अधिक दाब सहन करण्याची त्याची ताकद, मात्र वापरीत नाही. मला कॉम्प्रेशन नऊ हवे आहे.

मामा : नवाचे नंतर पाहू. आधी सांग, हा ७.३ चा आकडा कोठून आणलास? पुस्तकातून की लोखंडातून?

भाची : मोजून काढला. हेड उलटे ठेवले, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर बसविले, हेडातील ज्वलनाच्या कप्प्यावर ग्रीस लावून छिद्राची जाड काच दाबली आणि प्रयोगशाळेतल्या ब्युरेटमधून रॉकेल सोडून कप्पा भरला. जुन्या दबलेल्या गॅस्केटची जाडी मायक्रोमीटरने घेतली आणि पिस्टनच्या माथ्यावर उरणारी सांदही मोजली. सगळे मिळून ४३.२ घन सेंटिमीटर भरले. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान २७२.४. दोहोंची बेरीज ४३.२ ने भागली की ७.३ येतात.

मामा : शाबास. माझ्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांनी हे कधी केले नाही. ते प्लगच्या जागी गेज लावीत, काटा खाली दिसला की "कॉम्प्रेशन गेले" म्हणत, आणि हेड घासून द्या असा हुकूम सोडीत. अगं, रिंगांमधून आणि व्हॉल्व्हखालून वारा निसटत असेल, तर हेड घासून काय होणार? गुणोत्तर वाढेल आणि गळती तशीच राहील. बोअर गोल आणि सरळ करून घेणे, होनिंगची जाळी नीट पाडणे, रिंगांची तोंडे मापात ठेवणे, व्हॉल्व्ह लॅप करून त्यांत रॉकेल ओतून रात्रभर ठेवणे आणि सकाळी थेंबही पाझरलेला नाही हे पाहणे. स्वस्तातले पहिले कॉम्प्रेशन हे असे मिळते. यात तू कारखान्याच्या आकड्यापुढे तसूभरही जात नाहीस, तरी गाडी नव्यासारखी ओढते.

येथे वाचकांसाठी एक खुलासा करणे मला अगत्याचे वाटते. गेजवर दिसणारा दाब आणि भूमितीने ठरणारे गुणोत्तर या दोन स्वतंत्र बाबी असून, पहिली बाब झिजेने ढासळते व दुरुस्तीने परत येते. दुसरी मात्र केवळ धातू कापल्याने किंवा भाग बदलल्याने बदलते. ज्या मालकांनी पहिल्या बाबीची फिर्याद दुसऱ्या बाबीच्या दरबारात नेली, त्यांचे पैसे आणि त्यांची हेडे दोन्ही व्यर्थ गेलेली मी पाहिली आहेत.

भाची : ते सगळे करणारच आहे, त्याबद्दल आपला मतभेद नाही. मी त्यापुढचे विचारते. गुणोत्तर वाढविले की आदर्श चक्राची कार्यक्षमता किती वाढते ते सूत्राने काढता येते. ७.३ ला ती ५४.९ टक्के येते, आठाला ५६.५ आणि नवाला ५८.५. म्हणजे नवावर गेले तर त्याच इंधनातून साडेसहा टक्क्यांहून अधिक काम मिळावे. इथेनॉलने नेलेले जवळजवळ सगळे परत आले.

मामा : आणि आठावर?

भाची : तीन टक्के.

मामा : आता त्या टक्क्यांपुढे खर्च मांडू. बोअर तर झिजलेला आहेच. तो एक मिलिमीटर मोठा करून ६९ चे पिस्टन बसवायचे, हे काम तू कॉम्प्रेशनचे नावही न काढता करणार होतीस. त्याने आकारमान २७२.४ वरून २८०.४ झाले. वरची जागा तीच राहिली, तर गुणोत्तर आपोआप साडेसातापर्यंत गेले. यासाठी कोणाला एक पैसाही जादा द्यावा लागला नाही.

भाची : बरोबर. म्हणजे आठासाठी वरची जागा ४०.१ घन सेंटिमीटरवर आणावयाची, ३.१ कमी करायचे.

मामा : कप्प्याचे तोंड किती मोठे आहे?

भाची : तोंडाजवळ सुमारे तीस चौरस सेंटिमीटर.

मामा : म्हणजे हेडातून एक मिलिमीटर काढला की तीन घन सेंटिमीटर गेले, आणि तू आठाला टेकलीस. फेसिंग तू करणारच होतीस; कारण ॲल्युमिनियमचे जुने हेड सरळ सापडणे दुर्मिळ. म्हणजे मशीनवर चढविण्याची मजुरी तीच, फक्त दोनचार फेरे अधिक. आता नवाचा हिशेब कर.

भाची : २८०.४ ला आठाने भागून सुमारे ३५.१. म्हणजे ८.१ घन सेंटिमीटर काढावे लागतील. पावणेतीन मिलिमीटर.

मामा : पावणेतीन मिलिमीटर! त्या हेडाच्या तोंडाशी पाण्याच्या वाटा आहेत, त्यांच्यावरचा पडदा किती उरेल? एकदा तो पातळ झाला की, घाटात इंजिन तापले आणि हेड कमानीसारखे उचलले गेले, गॅस्केट फुटले, पाणी तेलात गेले. तेव्हा तू टक्के मोजीत बसशील?

भाची : मग हेड जास्त कापायचे नाही, माथा उंच असलेले पिस्टन बनवून घ्यायचे.

मामा : चार पिस्टन खास बनवून घेण्याची किंमत तू विचारलीस का? बाजारात तयार मिळणाऱ्या मापाच्या कितीतरी पट ती येते. मग तू म्हणशील, दुसऱ्या एखाद्या गाडीचे पिस्टन बसवू. त्याचा पिन किती जाड, पिनापासून माथा किती उंच, वजन किती? पिन वेगळा निघाला की कनेक्टिंग रॉडचा बुश बदल, बुश बदलला की रॉड रीम कर, वजन वेगळे निघाले की चारही समान करून घे. स्वस्त म्हणून सुरू केलेले काम अशाच वाटेने महाग होते. आठापर्यंत जे मिळते ते कामाच्या ओघात मिळते. आठापासून पुढचे प्रत्येक दशांश विकत घ्यावे लागते.

मामांचे हे वाक्य मला या संपूर्ण प्रश्नाचे मर्म वाटते. परवडणारे कॉम्प्रेशन म्हणजे जे काम अन्यथा करावयाचेच आहे त्याच कामात, योग्य मोजमाप करून, पदरात पाडून घेतलेले कॉम्प्रेशन. आणि आठाच्या आसपास ही सोय संपते. येथवर माझा कौल निःसंकोचपणे मामांच्या बाजूने आहे. तथापि त्यांचा पुढचा मुद्दा अधिक कडवा होता, आणि त्यावर भाचीने जे उत्तर दिले ते मला अधिक ग्राह्य वाटले.

मामा : आणि खरे सांगू? माझ्या मते आठही नको. ७.५ बोअरिंगने मिळाले, तेवढ्यावर समाधान मान. हेडातून कापलेला धातू परत येत नाही. या गाडीचे हेड आता कोणी ओतीत नाही. आज इंधन वाढीव दाब सोसते म्हणून तू कापलेस. उद्या सरकारने मिश्रण बदलले, किंवा पंपावर भेसळीचे पेट्रोल पदरी पडले, तर तू काय करणार? कारखान्याने कॉम्प्रेशन खाली ठेवले ते कोणत्याही गावी, कसलेही पेट्रोल मिळाले, तरी गाडी घरी यावी म्हणून. ती दूरदृष्टी होती. तू मालक आहेस तशी तू विश्वस्तही आहेस.

भाची : विश्वस्त असणे मला मान्य आहे. पण मामा, ज्या अभियंत्यांनी ते कॉम्प्रेशन ठरविले त्यांनी ते त्यांच्या काळच्या इंधनाला अनुसरून ठरविले. आज ते जिवंत असते तर याच इंजिनासाठी त्यांनी आजच्या इंधनाला साजेसा आकडा निवडला असता. त्यांच्या आकड्याला चिकटून राहण्यापेक्षा त्यांच्या विचारपद्धतीला चिकटून राहणे मला अधिक निष्ठेचे वाटते. शिवाय ही गाडी मला काचेच्या कपाटात ठेवायची नाही. मी ती पुणे-कोल्हापूर चालविणार आहे, आणि जी गाडी घाटात धापा टाकते तिचा कंटाळा येऊन मालक तिला हळूहळू विसरतो. चालविली जाणारी गाडीच टिकते.

मामा : भावनेचे सोड. परत न येणाऱ्या धातूचे काय?

भाची : त्यासाठी मी वडिलांच्या गाडीचे हेड कापणारच नाही. ते सरळ करण्यापुरतेही मशीनवर चढवायचे नाही. स्वच्छ करून, तेल लावून, गुंडाळून कपाटात ठेवायचे. कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये कायमच्या रस्त्यावरून गेल्या. त्यांच्या हेडांचे नशीब भंगारात वितळणे हेच आहे. त्यांतले एक घेऊन मी त्यावर कापकाम करीन. उद्या इंधन बदलले तर एका रविवारी हेड बदलले की गाडी पूर्वस्थितीला आली. आठ मला मान्य, नऊ सोडले. पण ७.५ वर मी थांबणार नाही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. पूर्वपक्षाचा मुख्य आक्षेप, म्हणजे अपरिवर्तनीय हानी, हाच मुळी या तोडग्याने निकालात निघत होता. जो बदल मागे घेता येतो त्याच्या बाबतीत विश्वस्ताची अडचण राहत नाही, असे माझेही मत झाले.

मामा : हेड आणशील, पण पारखून आण. टॅक्सीचे हेड किती वेळा तापले असेल याची गणती नाही, आणि फार तापलेले ॲल्युमिनियम मऊ पडते. स्टड आवळले की पिचते. सीटच्या मधोमध केसासारखी भेग असते, ती डोळ्यांना दिसत नाही. पाण्याच्या वाटा बंद करून, हवेचा दाब देऊन, कोमट पाण्यात बुडवून तपासून घेतल्याखेरीज पैसे देऊ नकोस. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या हेडाची जाडी तुझ्या हेडाशी ताडून पाहा. टॅक्सीचे हेड आयुष्यात एकदोनदा तरी फेस झालेले असणारच. म्हणजे तुझ्या एका मिलिमीटरपैकी अर्धा कोणीतरी पूर्वीच काढला असेल. ते न मोजता तू आणखी एक काढलास, तर आठाऐवजी सव्वाआठावर जाशील आणि तुला कळणारही नाही.

भाची : कप्पा ब्युरेटने पुन्हा मोजीन. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर तपासण्यासाठी पिस्टनवर खेळण्याची माती लावून इंजिन हाताने फिरवीन.

मामा : ते करच. शिवाय हेड एक मिलिमीटर खाली आले म्हणजे पुशरॉड तेवढेच वर आले. टॅपेटच्या स्क्रूने गाळा जुळेल, पण रॉकरचा कोन बिघडेल आणि तो व्हॉल्व्हच्या देठाला आडवा ढकलील; मग गाइड खाल्ले जाते. रॉकर शाफ्टच्या पायांखाली तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या घाल. अगदी किरकोळ खर्चाचे काम, पण सगळे ते विसरतात. स्टड पुरेसे आवळले जातात का, की नट आट्यांच्या शेवटाला टेकतो, तेही पाहा.

भाची : आणि इग्निशन?

मामा : दाब वाढला की मिश्रण लवकर जळते, म्हणून ठिणगी एकदोन अंश उशिरा द्यावी लागेल. आकड्यावर विसंबू नकोस. गाडीत चार माणसे बसव, खंबाटकीच्या घाटात वरच्या गिअरवर ओढ, आणि कान दे. खडखड ऐकू आली तर डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरव, पुन्हा ओढ. प्लग एक पायरी थंड जातीचा घे. रेडिएटर खोलून साफ करून घे. कारण कॉम्प्रेशन वाढविले आणि रेडिएटर अर्धा तुंबलेला ठेवला, तर दोष विनाकारण हेडावर येतो.

भाची : कार्बोरेटरही पाहावा लागेल. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला जळण्यासाठी हवा कमी लागते. म्हणजे त्याच हवेबरोबर सुमारे आठ टक्के अधिक इंधन जावयास हवे. जेटचे क्षेत्र आठ टक्के वाढवायचे म्हणजे व्यास चार टक्के. सोलेक्सचे मेन जेट मिलिमीटरच्या शतांशात ओळखतात. १२५ चे असेल तर १३० चे बसवीन. नाहीतर मिश्रण पातळ राहील, पातळ मिश्रण तापेल, आणि तापले की नॉकिंग.

मामा : हे मला ठाऊक नव्हते, लिहून ठेवतो. आमच्या वेळी पेट्रोलमध्ये पेट्रोलच असे. आणि त्या इथेनॉलने पंपाचा पडदा व रबरी नळ्या फुगतात म्हणतात, तेव्हा त्याही नव्या जातीच्या घाल.

भाची : नळ्या आणल्या आहेत. मग मशीनवाल्याला लिहून देऊ का? "हेड एक मिलिमीटर फेस करणे."

मामा : तसे लिहू नकोस. तो एक मिलिमीटर काढील, आपली जबाबदारी संपली म्हणेल, आणि चार कप्पे चार आकारमानांचे निघतील. मिलिमीटर हे त्याचे साधन आहे. तुला हवी आहे ती जागा. लिही : हेड आधी जेमतेम सरळ होईल इतकेच फेस करणे, चारही कप्पे मोजून देणे, त्यांत सर्वांत मोठा कोणता ते नोंदविणे. मग तू हिशेब करून उरलेला आकडा सांग. तो आकडा सर्वांत मोठ्या कप्प्यावरून धर, म्हणजे तो नेमका आठाला बसेल. मग जे लहान निघतील ते आतून घासून त्याच्याएवढे करून घे. त्यांच्यात अर्ध्या घन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नकोस. शेवटचा फेरा बारीक घे, म्हणजे गॅस्केट नीट धरेल. आणि फेसिंगच्या वेळी तू स्वतः तेथे उभी राहा.